नेरूळचा बास्केटबॉल क्लास आणि आमची धाकटी

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये मी एका गाळ्यावर दिवाणजी आहे. गोणी, वजन, भाव, पट्टी हे लिहिण्यात एकवीस वर्षं गेली. त्यामुळे धाकटीचे बास्केटबॉलचे सामने बघायला जायला लागलो, तेव्हा हात आपोआप वहीकडे गेला. कोण किती मिनिटं खेळलं, कुणाच्या पासवर बास्केट झाली, कुणाच्या हातून चेंडू गेला, सगळं लिहून ठेवलंय. दीड वर्षाची ती वही समोर घेऊन क्लासबद्दल लिहितोय.

क्लास नेरूळ पूर्वेला आहे, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. बागेला लागून सिमेंटचं कोर्ट, दोन रिंग, चार दिवे. नाव मुद्दाम लिहीत नाही. सरांना विचारलं होतं, तर म्हणाले, "काका, दोन रिंगला सव्वीस मुलं-मुली झालीत. अजून आले तर कुणाच्याच हातात चेंडू येणार नाही." आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, आणि बहुतेक रविवारी सकाळी ठाणे किंवा नवी मुंबईतल्या दुसऱ्या एखाद्या क्लासशी सामना. तिमाहीची फी ५,४०० रुपये. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. पनवेलकडे जाणारी गाडी पकडली की नेरूळ तिसरं स्टेशन, म्हणून धाकटी आता एकटीसुद्धा जाते.

मार्केटमध्ये कांदा आला की आधी आकारावर निवड होते. मोठा माल एकीकडे, गोल्टी दुसरीकडे, आणि गोल्टीला भाव कमी. पहिल्या दिवशी कोर्टवर मला तेच दिसलं. सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं, उंच सात-आठ जणी एका रिंगकडे गेल्या आणि बाकीच्या दुसऱ्या रिंगकडे. धाकटी तेव्हा साडेतेरा वर्षांची होती, उंची चार फूट अकरा इंच. आज पंधरा पूर्ण आहेत आणि उंची पाच फूट एक इंच. तिची आई तेवढीच आहे आणि मीही काही उंच नाही, त्यामुळे यापुढे फार फरक पडेल असं वाटत नाही. रिंग दहा फुटांवर असते. या खेळात उंची बघतात ते उगाच नाही, हे मला मान्य आहे.

पण त्या दुसऱ्या रिंगखाली सरांनी जे शिकवलं, त्यासाठी मी हा क्लास कुणालाही सुचवीन. सर स्वतः भायखळ्याकडे वाढले आणि नागपाड्यात खेळायला शिकले. तिथे आपल्याकडच्या गल्ली क्रिकेटसारखी मुलं बास्केटबॉल खेळतात. स्वतः बुटके, आणि गार्ड म्हणूनच खेळले. गार्ड म्हणजे मागून चेंडू वर घेऊन येणारा खेळाडू. मध्यरेषा ओलांडायला आठ सेकंद मिळतात आणि शॉट घ्यायला एकूण चोवीस. तेवढ्या वेळात कुणाला कुठे पळवायचं, चेंडू कुणाला द्यायचा, हे गार्डने ठरवायचं.

सर काय करतात, तर मुलगी ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेत असताना समोर उभे राहून बोटं दाखवतात आणि तिने मान खाली न घालता आकडा ओरडायचा. तीन, पाच, एक, चार. चेंडूकडे पाहिलं की पहिल्यापासून सुरू. ते जमलं की एका हाताने ड्रिबल आणि दुसऱ्या हाताने टेनिसचा चेंडू झेलायचा. त्यानंतर 'आठ'. दोन उंच मुली अंगावर सोडायच्या, सर मोठ्याने आठ, सात, सहा असे उलटे आकडे म्हणत जाणार, आणि शून्य यायच्या आत पलीकडे पोचायचं. पहिले दोन महिने धाकटी एकदाही पोचली नाही. मी कठड्यावर बसून मोजत होतो. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी दहापैकी सात वेळा पोचली, आणि त्या दिवशी परतीच्या गाडीत ती कोपरखैरण्यापर्यंत दारातल्या खांबाला धरून उभ्या उभ्या मला सांगत राहिली की कुठली ताई कुठल्या पायावर भार देते.

घरात ही मुलगी कधी मोठ्याने बोलायची नाही. पाहुणे आले की आतल्या खोलीत. सरांनी तिला सांगितलं, "तू बोलली नाहीस तर चार जणी आंधळ्या खेळतात." आता कोर्टवर तिचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू येतो. "डावीकडे!" "मागे बघ!" "थांब, थांब, परत दे!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या आईचे डोळे भरून आले होते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. एवढं शिकवून सर तिला खेळवतात किती?

मागच्या सहा सामन्यांची बेरीज केली. सामना चाळीस मिनिटांचा, म्हणजे एकूण २४० मिनिटं. धाकटी खेळली ५८. तिच्या पासवर १३ बास्केट झाल्या, हातून चेंडू गेला ६ वेळा. पहिल्या पाचात, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पाच जणींत, जी गार्ड आहे ती खेळली १७१ मिनिटं, तिच्या पासवर १७ बास्केट आणि हातून चेंडू गेला ३१ वेळा. म्हणजे तिच्याकडून दर साडेपाच मिनिटांना एकदा चेंडू जातो आणि धाकटीकडून साडेनऊ मिनिटांना एकदा.

यावरून त्या मुलीला कुणी नावं ठेवू नयेत. ती पाच फूट सात इंच आहे, टीममध्ये तिच्याइतका चांगला शॉट कुणाचा नाही, आणि समोरच्यांच्या सगळ्यात जोरदार खेळाडू तिच्याच अंगावर असतात. धाकटी येते ती बऱ्याचदा दुसऱ्या क्वार्टरला, समोरचीही बदली खेळाडू आलेली असताना. तेवढी सवलत आकड्यांतून वजा करायला हवी, आणि मी करतो. धाकटीचे दोष वहीत लाल शाईने आहेत. डावा हात कच्चा आहे, डाव्या रेषेकडे कोंडलं की ती गडबडते. शॉट खांद्यापासून निघतो, त्यामुळे उंच मुलगी समोर असली की अडतो. पावणेसात मीटरच्या, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून तिचा चेंडू रिंगपर्यंत जेमतेम जातो. आणि एखाद्या दांडग्या मुलीने पाठ लावून तिला रिंगखाली रेटत नेलं, तर ती काही करू शकत नाही. सरांना नेमकी याचीच काळजी आहे, आणि ती खरी आहे.

तरीही माझं मत असं की ती पहिल्या पाचात बसू शकते, आणि या मोसमातच.

हे मत मी एकट्याने बनवलं नाही, सरांनीच अर्धं बनवून दिलंय. पावसात कोर्ट बंद होतं तेव्हा ते मुलांना जिन्याखाली बसवून मोबाईलवर अमेरिकेतले जुने सामने दाखवतात. जेरेमी लिनचे तर अनेकदा दाखवलेत. हार्वर्डमधून शिकून आलेला, कुठल्याच संघाने ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) न घेतलेला, २०११ च्या डिसेंबरात एकाच महिन्यात दोन संघांनी सोडून दिलेला गार्ड. न्यूयॉर्कच्या संघात बाकावर बसून होता. ४ फेब्रुवारी २०१२ ला नाइलाज म्हणून त्याला उतरवलं आणि त्याने २५ गुण केले. पुढच्याच सामन्यात तो पहिल्या पाचात होता. आठवड्याच्या आत लेकर्स संघाविरुद्ध ३८ गुण. मला त्यातला एक आकडा वेगळ्या कारणासाठी लक्षात राहिला. सलग सात सामने जिंकल्यावर न्यूयॉर्क हरलं, त्या सामन्यात लिनच्या हातून नऊ वेळा चेंडू गेला होता. तरी पुढच्या सामन्यात तोच पहिल्या पाचात होता. धाकटीच्या हातून सलग दोनदा चेंडू गेला की तिला बाहेर बोलावतात. चूक झाल्यावर पुढची दहा मिनिटं कोर्टवरच काढायची, हे बाकावर बसून कसं शिकणार?

धाकटीला मात्र जेलन ब्रन्सन आवडतो. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तो तेहेतिसावा, म्हणजे त्याच्या आधी बत्तीस जणांना निवडलं. आज न्यूयॉर्कचा संघ त्याच्याभोवती उभा आहे. धाकटीने बुटाच्या जिभेच्या आत बॉलपेनने ३३ लिहिलंय. तिच्या आईला वाटलं बुटाचा नंबर आहे.

माझं मत पक्कं झालं ते तिसऱ्या गार्डमुळे. फ्रेड व्हॅनव्लीट. २०१६ ला ड्राफ्टमध्ये त्याचं नावच आलं नाही. टोरंटोच्या संघाने घेतलं, पण तिथे काइल लाउरी आधीपासून होता, तोही गार्ड आणि तोही त्या खेळाच्या मानाने बुटका. साधा हिशेब केला तर एकाच जागेला दोन माणसं, म्हणजे एक बाकावर. टोरंटोने आधी सामन्यातले काही तुकडे दोघांना एकत्र खेळवलं. २०१९ च्या अंतिम फेरीच्या शेवटच्या सामन्यात व्हॅनव्लीटने बाकावरून येऊन २२ गुण केले, त्यातले १२ शेवटच्या क्वार्टरमध्ये, आणि ते विजेते झाले. पुढच्या मोसमात दोघेही पहिल्या पाचात, आणि संघाने ७२ पैकी ५३ सामने जिंकले.

हे बघितल्यावर मी वही पुन्हा उघडली. दीड वर्ष मी दोघींना एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसवत होतो, इकडे ही आणि तिकडे ती. दोघी एकत्र किती खेळल्या हे कधी मोजलंच नव्हतं. मोजलं, तर सहा सामन्यांत नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत आपले १७ गुण आणि समोरच्यांचे ८. नऊ मिनिटांवरून भाव ठरत नाही, हे मार्केटमध्ये उभं राहणाऱ्याला सांगायला नको. पण कारण दिसतं. धाकटी चेंडू वर आणते, त्यामुळे उंच गार्ड मोकळी धावते आणि तिच्या हातात चेंडू येतो तो थेट शॉटच्या जागेवर. तिच्या ३१ चुकांपैकी १९ चेंडू वर आणतानाच्या आहेत. ते ओझं उतरलं तर सगळ्यात मोठा फायदा तिचाच आहे.

क्लासच्या उणिवाही सांगायला हव्यात. मुलींनी महिनोन्महिने सात नंबरच्या चेंडूने सराव केला. मुलींचा चेंडू सहा नंबरचा असतो, परिघाने एक इंच लहान आणि हलका. सामन्यात सहा नंबर हातात आला की सगळ्यांचे शॉट रिंगच्या पलीकडे. शेवटी आम्ही पालकांनी वर्गणी काढून सहा चेंडू आणले. पावसाळ्यात कोर्टवर शेवाळ येतं आणि दीड-दोन महिने खेळ जवळजवळ बंद असतो, फी मात्र पूर्ण. मागच्या ऑगस्टमध्ये घाईने कोर्ट सुरू केलं आणि धाकटीचा घोटा मुरगळला. बर्फ समोरच्या रसवंतीवाल्याकडून आणावा लागला. बर्फाची एक पेटी ठेवायला किती खर्च येतो? मुलींना कपडे बदलायला जागा नाही, बागेतलं स्वच्छतागृह सातला कुलूप लावून बंद होतं. याबद्दल सरांना तीनदा बोललो, ते संबंधितांशी बोलले, अजून काही झालेलं नाही. लांबून मुलगी पाठवणाऱ्यांनी हे आधी विचारात घ्यावं.

आणि सामन्याची नोंद कुणी ठेवत नाही. सर सगळं डोळ्यांनी बघतात, त्यांची नजर चांगली आहे, पण सव्वीस जणांमध्ये चार-पाच मिनिटं खेळून परत बसणारी मुलगी नजरेतून निसटते.

दोन आठवड्यांपूर्वी सराव संपल्यावर मी सरांकडे वही घेऊन गेलो. तिला किती खेळवतात यावर त्याआधी कधी बोललो नव्हतो. आपल्या मुलीसाठी भांडणारे पालक मी पाहिलेत, त्याने मुलीचंच नुकसान होतं. फक्त ते नऊ मिनिटांचं पान उघडून दिलं. सर दिव्याखाली पायरीवर बसले आणि मागची पानंही चाळत राहिले. मग म्हणाले, "काका, उंच मुलीने हिला रिंगखाली नेलं तर?" मी म्हटलं, "तेव्हा आपल्या उंच गार्ड ताईने त्या मुलीला धरायचं, आणि हिने बाहेर उभी असलेली. सर, मला खेळ कळत नाही, पण तुम्हीच मागच्या महिन्यात दोनदा तसं बदलून घेतलं होतं." ते काही बोलले नाहीत. पानाचा फोटो काढून घेतला.

शुक्रवारी निरोप आला. या रविवारी सातऐवजी साडेसहाला पाठवा, सामन्याआधी दोघींना एकत्र घ्यायचंय. धाकटीने ते ऐकल्यापासून जेवणसुद्धा डाव्या हाताने चालवलंय, आई ओरडली तरी.

पुढच्या तिमाहीची फी मी भरली आहे. तुमच्या घरात ठेंगणी, चपळ, गप्प राहणारी मुलगी असेल आणि तिला हा खेळ आवडत असेल, तर नेरूळ पूर्वेला उतरून संध्याकाळी कोर्टवर जा आणि एक तास नुसतं बसून बघा. सरांशी थेट बोला, ते वेळ देतात. सहा नंबरचा चेंडू घरून न्या, आणि घोट्याला बांधायची पट्टीही.