पंप न बदलता पंपाचा आवाज घालवणारं परभणीचं गॅरेज

जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग (बेल्टवर फिरणारा पंप ऑइलला दाब देऊन स्टिअरिंग हलकं करतो ते) ओरडायला लागलं असेल आणि कोणी बॉनेट उघडून दोन मिनिटांत ‘पंप गेला, बदलावा लागेल’ असं सांगितलं असेल, तर पैसे मोजण्याआधी परभणीत गंगाखेड रोडच्या या गॅरेजात एकदा गाडी दाखवा. टायरच्या दुकानांच्या ओळीत पत्र्याचं शेड आहे. पाटीवर नाव नाही, फक्त ‘पॉवर स्टिअरिंग का काम होता है’ एवढंच रंगवलेलं आहे. आजूबाजूला कोणालाही ‘स्टिअरिंगवाले मिस्त्री’ म्हणून विचारलं की दाखवतात.

आमची गाडी क्वालिस, डिझेल, २००३ ची, एमएच २२ पासिंग. पंधरा वर्षं झाल्यावर २०१८ ला आणि मग २०२३ ला पुन्हा आरटीओत उभी करून, पर्यावरण कर भरून तिचं पासिंग करून घेतलं. एवढ्या जुन्या गाडीवर इतका खर्च कशाला, असं घरातले सगळे म्हणतात. पण सेलूहून परभणीला दवाखान्यात, मानवतला बहिणीकडे, पाथरीला लग्नाला, कुठंही आठ माणसं आणि सामान घेऊन निघायचं तर हीच गाडी उपयोगी पडते, आणि ती मीच चालवते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा उजवा खांदा आखडलेला आहे. पुढच्या चाकांवर डिझेल इंजिनाचं सगळं ओझं असताना उभ्या जागी गाडी वळवायला पॉवर स्टिअरिंग नसेल तर माझ्यासाठी ती गाडी बंदच. म्हणून हा आवाज मी पहिल्या दिवसापासून मनावर घेतला होता.

आवाज सुरू झाला थंडीत. परभणीचा पारा एक आकडी झाला की सकाळी गाडी चालू केल्याबरोबर पुढून ‘कुंऽऽई’ असा बारीक, लांब आवाज यायचा. रेस वाढवली की तोही चढायचा, रेस सोडली की उतरायचा. स्टिअरिंग वळवलं की कण्हल्यासारखा जड व्हायचा. दहा-पंधरा किलोमीटर गाडी पळाली की पुष्कळ कमी. उन्हाळा लागल्यावर सकाळीही थोडा मंदावला, पण गेला नाही, आणि बाजारात गाडी मागेपुढे घेताना हाताला मधूनच झटका जाणवायला लागला.

आधी ज्या मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली तिथं पंप बदलायचा आठ-नऊ हजारांचा अंदाज हातात दिला. तेही माझ्याशी न बोलता, सोबत आलेल्या माझ्या पुतण्याशी बोलून. त्याला गाडी चालवताही येत नाही. स्टिअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण कोणी उघडून पाहिलं नाही, बेल्टला कोणी हात लावला नाही.

या गॅरेजात पहिला फरक इथंच कळला. मिस्त्री साठीच्या जवळपासचे असावेत. त्यांनी आधी मला विचारलं, आवाज कधी येतो? थंड इंजिनवर की गरम झाल्यावर? वळवताना की सरळ असतानाही? डावीकडं जास्त की उजवीकडं? ऑइल कमी होतं का, वरून किती टाकावं लागलं? मी सांगत होते ते मान हलवत पूर्ण ऐकून घेतलं. ‘बाई, तुम्ही चालवता नं, मंग तुम्हालाच जास्त ठाऊक,’ म्हणाले. गाडी तिथंच ठेवून जायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना माझ्यासमोर चालू केली. गरम गाडीवर हा आवाज सापडत नाही, हे त्यांचं म्हणणं मला एकदम पटलं, कारण वर्कशॉपमध्ये गाडी नेली होती ती घरून थेट पळवत.

पुढचं जे पाहिलं ते सविस्तर लिहिते, कारण या गॅरेजचं खरं मोल त्यातच आहे.

चालू इंजिनवर त्यांनी बेल्टवर पाण्याचे थेंब टाकले. बेल्ट घसरत असेल तर पाणी पडताच आवाज बदलतो. तसा आवाज ‘चींऽऽ’ असा कर्कश असतो आणि बहुधा गाडी चालू करताना किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर येतो. आमच्या आवाजात काही फरक पडला नाही. इंजिन बंद करून बेल्ट अंगठ्यानं दाबून पाहिला, ताण बरोबर होता. मग पंपाचा बेल्ट उतरवून इंजिन काही सेकंदच चालवलं. (काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो, म्हणून असं जास्त वेळ चालवायचं नसतं.) आवाज गेला. म्हणजे दोष इंजिनात किंवा अल्टरनेटरमध्ये नाही, स्टिअरिंगच्याच बाजूला आहे. बेल्ट उतरवलेलाच होता तेव्हा पंपाची पुली हातानं फिरवली, पुढंमागं हलवून पाहिली. खरखर नाही, लुळेपणा नाही. बेअरिंग गेलं असतं तर पुली हाताला लगेच सांगते, आणि त्याचा आवाज घरघरता असतो, स्टिअरिंग वळवा न वळवा सारखाच.

बेल्ट परत चढवून गाडी चालू केली आणि टाकीचं झाकण काढलं. ऑइलची पातळी ठीक होती. रंग मात्र लाल असायला हवा तो मळकट गुलाबी झालेला, वर बारीक फेस. ऑइलचे थोडे थेंब त्यांनी पांढऱ्या फडक्यावर घेतले, उन्हात तिरपे धरून पाहिले, चुंबक फिरवला. ‘चमक नाई. पंप आतून झिजला असता तर लोखंडाची कणी दिसली असती.’

फेस म्हणजे ऑइलमध्ये हवा. आता ती कुठून येते? या प्रश्नावर मी म्हटलं, गाडीखाली तर ऑइलचा एक थेंबही पडत नाही. त्यावर मिस्त्रींनी दिलेलं उत्तर मला अजून आठवतं. विहिरीवरच्या मोटारीच्या सक्शन पाइपला चीर गेली तर तिथून पाणी गळत नाही, मोटार हवा धरते. हे तसंच आहे. टाकीतून पंपाकडं जाणारा नळ ओढीचा असतो, त्यात दाब नसतो. पंपातून पुढं जाणाऱ्या नळात मात्र दाब एवढा की स्टिअरिंग पूर्ण वळवलं की सत्तर ते शंभर बारपर्यंत चढतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतात, यावरून कल्पना करा. दाबाच्या नळाला भोक पडलं तर ऑइल बाहेर येतं. ओढीच्या नळाला पडलं तर हवा आत जाते आणि बाहेर काहीच दिसत नाही. ते हवेचे बुडबुडे पंपात दाबाखाली फुटतात, त्याचा हा आवाज. थंडीत ऑइल घट्ट होतं, पंपाला जास्त ओढावं लागतं, म्हणून सकाळचा आवाज मोठा.

मग त्यांनी त्या नळाच्या दोन्ही टोकांना, क्लिपच्या भोवती, बोटानं जाडसर ग्रीस थापलं. टाकीकडच्या टोकाला काही फरक नाही. पंपाकडच्या टोकाला ग्रीस लावताच आवाज अर्ध्यावर आला. मी स्वतः उभी राहून ऐकलं. नळ काढल्यावर दिसलं की वीस वर्षांच्या उष्णतेनं रबर लाकडासारखं कडक झालंय, क्लिपखाली केसाएवढ्या चिरा पडल्यात आणि क्लिप कितीही आवळली तरी ती बसणार नव्हती. टाकीच्या तळाच्या जाळीतही रबराचा काळा गाळ साचला होता. तोही ओढ अडवतो आणि असाच आवाज काढतो, म्हणून टाकी काढून धुतली.

नवा नळ आणताना त्यांनी मुलाला दोनदा बजावलं की रेडिएटरचा नळ आणायचा नाही. तो पाण्यासाठी असतो, ऑइलमध्ये फुगतो. जेसीबी-ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक नळांचं काम करणाऱ्या दुकानातून ऑइलला चालणारा नळ मापानं कापून आणला. क्लिपाही नव्या, स्क्रूच्या.

जुनं ऑइल काढायला त्यांच्याकडं जनावरांच्या इंजेक्शनची मोठी सिरिंज आहे. टाकीतलं तिनं ओढून काढलं, परतीचा नळ बाटलीत सोडून उरलेलं बाहेर काढलं. नवं भरलं ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचं एटीएफ ऑइल, डेक्सरॉन तीनच्या ग्रेडचं, लाल. झाकणावर काय लिहिलंय ते मला वाचायला लावून. सगळ्या गाड्यांना हेच चालत नाही. काही कंपन्यांचं वेगळं स्टिअरिंग ऑइल असतं, तेव्हा झाकण किंवा पुस्तिका पाहूनच घ्यायचं. आणि पातळी कमी दिसली म्हणून ब्रेक ऑइल कधीच ओतायचं नाही, हे त्यांनी फार कळकळीनं सांगितलं. ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचं असतं, या पंपाचे सील त्यात फुगून मऊ होतात आणि मग खरंच पंप आणि खालचा स्टिअरिंग बॉक्स दोन्ही जातात. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या मुलानं प्रेमानं ब्रेक ऑइल टाकून दिलेल्या गाड्या त्यांच्याकडं येत असतात.

हवा काढायची पद्धत बहुतेक ठिकाणी घाईत उरकतात, इथं नाही. पुढची चाकं जॅकवर उचलून खाली स्टँड लावले. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश, कितीतरी वेळा फिरवलं. प्रत्येक वेळी टाकीतून बुडबुडे वर यायचे, पातळी उतरायची, एक मुलगा वरून ऑइल टाकत उभा. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू केलं आणि पुन्हा तेच, पण टोकाला धरून न ठेवता. टोकाला पाच-दहा सेकंदांहून जास्त धरून ठेवलं तर आतला व्हॉल्व्ह सगळा दाब तिथंच सोडतो, ऑइल तापतं. तिथं येणारा हलका ‘स्स्’ आवाज मात्र बिघाड नाही, ते मला मुद्दाम ऐकवलं. नंतर गाडी जेवणाच्या सुट्टीभर तशीच ठेवली, ऑइल निवळू दिलं, परत पातळी पाहिली. संध्याकाळी टाकीतलं ऑइल स्वच्छ लाल, फेस नाही, आवाज नाही.

खर्च सगळा मिळून दीड हजारांच्या आत झाला. त्यात ऑइलचा वाटा मोठा, मजुरी सहाशे. आठ-नऊ हजारांचा पंप घातला असता तर तोही याच कडक नळातून हवा ओढत राहिला असता, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मिस्त्री रिकंडिशन पंपही बसवतात, त्यात त्यांना नक्कीच जास्त सुटलं असतं. माझ्याशेजारी एका बोलेरोवाल्याला त्यांनी पंप बदलायला सांगितला, पण आधी फडक्यावरची चमक दाखवून. तेव्हा ते पंप बदलतच नाहीत असं समजू नका. गरज असेल तर बदलतात आणि कारण डोळ्यांनी दाखवतात. अशा वेळी जुन्या ऑइलमधली कणी नव्या पंपात जाऊ नये म्हणून सगळी लाइन धुऊन घेण्याचाही आग्रह धरतात, त्याचे पैसे वाचवू नका.

आता जे खटकलं ते. बसायला जागा नाही. एक बाकडं आहे, ते दुपारी उन्हात येतं आणि उन्हाळ्यात परभणीच्या दुपारी तिथं थांबणं वयस्कर माणसाला झेपणार नाही. पिण्याच्या पाण्याचा माठ आहे, पण बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, ती करायला हवी, मी त्यांना तसं सांगितलंही. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितल्यावर वहीच्या पानावर नीट लिहून, सही करून दिलं. पैसे मोबाइलवरून घेतात. फोन फारसा उचलत नाहीत, हात ऑइलात असतात. शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळी शेड बंद असतं. आणि काम घाईत करून मागणाऱ्यांनी इथं जाऊ नये. एक रात्र गाडी ठेवायची तयारी हवी.

काम झाल्यापासून गाडी मानवत, जिंतूर, एकदा नांदेडपर्यंत फिरून आली. आवाज परतला नाही, हाताला झटका नाही, एका बोटानं वळते. पंपाच्या शाफ्टच्या सीलवर जरा ओल दिसते, ती त्यांनीच दाखवली होती आणि आत्ता त्याला हात लावू नका असं सांगितलं होतं. महिन्यातून एकदा पातळी बघायची, खाली उतरायला लागली तर सील किट घालून देईन म्हणाले. पंप काढण्याची वेळ आली तर दाबाचा नळही त्याच वेळी बघून घ्या, एकदाच सगळं मोकळं होईल, हेही सांगितलंय. पावसाळ्यानंतर गाडी तिकडेच नेणार आहे.