शेजारधर्माचे दोन लाख

2022 च्या दिवाळीत शेजारचे काका-काकू गावी निघाले. जाताना कुलूप लावलेली सुटकेस आमच्याकडे ठेवली. "काही नाही गं, साड्या आणि कागदपत्रं." मी कपाटात आमच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवून दिली. उघडून दाखवा म्हणायची लाज वाटली. ती लाजच महागात पडली.

चौथ्या दिवशी भरदुपारी आमचा कडी-कोयंडा तुटला. माझा डबा गेला, सुटकेसही गेली. फोन केला तेव्हा काका एवढंच म्हणाले, "जाऊ दे, जीव सलामत." दोन दिवसांनी गावाहून परतले आणि साड्यांखाली चार तोळ्यांच्या पाटल्या निघाल्या! भरून द्या, नाहीतर विश्वासघाताची केस करतो. जिन्यात चारचौघांत बोलले. अब्रूसाठी एफडी मोडून आम्ही दोन लाख दिले. पावती नाही की कागद नाही.

वकिलाकडे गेलो ते पैसे देऊन झाल्यावर. (आधी जायचं असतं, हे तेव्हा कोण सांगणार?) करार कायदा 1872, कलम 151: दुसऱ्याची वस्तू सांभाळताना सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची, मग ठेव फुकट असो वा पैसे घेऊन. कलम 152: तेवढी घेतली असेल आणि वेगळं काही कबूल केलेलं नसेल, तर वस्तू गेल्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. काळजी घेतली हे मात्र आपणच दाखवायचं. आमच्याकडे एफआयआर होती, पंचनामा होता, त्याच कपाटातून आमचंही सोनं गेलेलं. विश्वासघाताच्या गुन्ह्याला तर अप्रामाणिक हेतू लागतो. चोराने नेलं त्यात आमचा हेतू कुठला? आणि सुटकेसमध्ये पाटल्या होत्या हे सिद्ध करणं काकांचं काम. "पण तुम्ही आपणहून दिलेत," वकील म्हणाले, "आता परत मिळवणं अवघड."

आता कोणी पिशवी घेऊन आलं की मी चहा ठेवते आणि म्हणते, उघडा, यादी करू, दोघांच्या सह्या करू. निम्मे लोक चहा पिऊन पिशवीसकट परत जातात.

पुढच्या वर्षी पेपरात एका पतसंस्थेची सोनेतारण लिलावाची नोटीस आली. यादीत काकांचं नाव. पाटल्या, 39.8 ग्रॅम. कर्जाची तारीख सुटकेस आमच्याकडे आली त्याच्या चार महिने आधीची. कात्रण घेऊन गेले, तर काका म्हणाले, "त्या वेगळ्या."