लंडनहून पॅरिसला: ट्रेन, विमान की बस?

दर उन्हाळ्यात आमच्या हॅरोच्या घरी कुणी ना कुणी पाहुणे असतात. टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस आणि नीसडनचं मंदिर उरकलं की चौथ्या-पाचव्या दिवशी प्रश्न येतोच, "पॅरिस इथून जवळच ना रे?" यंदा सांगलीचे मामा-मामी होते. मामांनी फोनवर आधीच शोधून ठेवलं होतं: विमानाला सव्वा तास, ट्रेनला सव्वादोन तास, बसला नऊ तास. "म्हणजे विमानच की," त्यांनी निकाल देऊन टाकला.

आकडे बरोबर होते. पण ते स्टेशन ते स्टेशन आणि विमानतळ ते विमानतळ असे होते. आम्ही राहतो हॅरोला आणि त्यांचं हॉटेल होतं पॅरिसमध्ये बास्तीयजवळ. म्हणून वहीचं एक पान फाडून घेतलं आणि घराच्या उंबरठ्यापासून हॉटेलच्या दारापर्यंतचा हिशेब मांडला.

ट्रेनचा असा: मेट्रोपॉलिटन लाइनने सेंट पँक्रस स्टेशनला पोचायला चालणं धरून पाऊण तास. युरोस्टारचं (पॅरिसला जाणारी ती हीच ट्रेन) गेट गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी बंद होतं, म्हणून सव्वा तास आधी पोचायचं. गाडीत 2 तास 20 मिनिटं. पॅरिसच्या गार द्यू नॉरला उतरलं की सरळ स्टेशनाबाहेर, कारण फ्रेंच पोलिसांनी पासपोर्ट लंडनमध्येच, सेंट पँक्रसच्या पोटात बसून तपासलेला असतो. तिथून पाच नंबरची मेट्रो थेट बास्तीयला. हॉटेलपर्यंत अर्धा तास धरा. एकूण पाच तासांच्या आत-बाहेर.

विमानाचा: हॅरोहून एसएल 9 बसने हीथ्रोला तास, तिथे दोन तास आधी हजर. विमान 1 तास 20 मिनिटं (त्यातला हवेतला वेळ तर पाऊणच तास, उरलेला वेळ धावपट्टीची रांग). पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर पासपोर्टची रांग आणि बॅगेचा पट्टा मिळून पाऊण-एक तास. मग आरईआर बी ही लोकल पकडून शहरात यायचं, चालणं-थांबणं धरून पुन्हा तास. आणि ही आरईआर येते कुठे? गार द्यू नॉरलाच! म्हणजे विमानवाला सव्वासहा तासांचा प्रवास करून, ट्रेनवाला ज्या मेट्रोत कधीच बसला, त्याच मेट्रोसाठी उभा. वहीचं पान मामांपुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावून पुन्हा बेरीज केली.

वेळेचा प्रश्न सुटला. पैशाचा इतका सरळ नाही, आणि इथे आपल्या पासपोर्टवाल्यांची खरी गोची आहे.

युरोस्टारचं एका बाजूचं सगळ्यांत स्वस्त तिकीट साधारण 39 पौंडांना मिळतं, पण ते काही महिने आधी काढणाऱ्याला. जसजशी तारीख जवळ येते तसतसं ते शंभराच्या पुढे जातं आणि आयत्या वेळी दोनशेच्या आसपासही पोचतं. ब्रिटिश शेजाऱ्याला जानेवारीतच जूनचं तिकीट काढता येतं. आपल्याला आधी शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, हातात पडावा लागतो. यूकेचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही, आणि तुम्ही इथे वर्षानुवर्षं नोकरी करत असाल, पण पासपोर्ट भारतीय असेल, तरीही शेंगेन लागतोच. फी 90 युरो, निर्णयाला साधारण 15 दिवस, आणि मुलाखतीची वेळ मिळवण्यात जातात ते दिवस वेगळे. व्हिसा येईपर्यंत स्वस्त तिकिटं गेलेली असतात. मी याला मनातल्या मनात व्हिसापट्टी म्हणतो.

यावर दोन उतारे आहेत. एक, व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तेव्हा तो सगळ्यांत आधी उरका. मामांनी मुंबईतूनच करून आणला होता. दुसरा, ठरावीक गाडीचा हट्ट नसेल तर युरोस्टार स्नॅप. यात तुम्ही दिवस आणि सकाळ-दुपार एवढंच निवडता, नेमकी गाडी दोन दिवस आधी कळते आणि भाडं बरंच कमी पडतं. दोघंच असतील तर छान, लहान मुलं असतील तर मी या भानगडीत पडणार नाही.

विमानाचं तिकीट आयत्या वेळी ट्रेनपेक्षा स्वस्त दिसतं, हे खरं. पण त्यात काय काय धरलेलं नाही ते बघा. इझीजेटसारख्या स्वस्त विमान कंपनीच्या साध्या तिकिटात फक्त सीटखाली मावणारी पिशवी फुकट, 45 बाय 36 बाय 20 सेंटिमीटरची. मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे. शार्ल द गॉलहून शहरात यायला माणशी 13-14 युरो. ल्यूटनहून उडत असाल तर गंमत अशी की ल्यूटनला नेणारी लोकल सेंट पँक्रसहूनच जाते. पॅरिसच्या गाडीवर पाय ठेवून विमानतळाकडे जायचं, आणि त्याचेही पैसे द्यायचे!

तरी विमान कुणी घ्यावं? हाउन्स्लो, साउथॉलला राहणाऱ्याने जरूर विचार करावा, त्याच्यासाठी हीथ्रो म्हणजे शेजार. मुंबईहून लंडनला उतरून त्याच दिवशी पॅरिसला जायचं असेल, तर एकाच तिकिटावरचं जोडविमान बरं. बॅग पुढे जाते आणि पहिलं विमान उशिरा आलं तर जबाबदारी कंपनीची. पॅरिसच्या दक्षिण भागात उतरायचं असेल तर तिथल्या ऑर्ली विमानतळाला जाणारं विमान बघा. जून 2024 पासून 14 नंबरची मेट्रो थेट ऑर्लीपर्यंत जाते. पर्यावरणाचा विचार करणाऱ्याला काही सांगायला नको, ट्रेन विजेवर चालते आणि फ्रान्सची बहुतेक वीज अणुभट्ट्यांतून येते.

आता बस. मामी ऐकताच "बस नको गं बाई" म्हणाल्या, तरी लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांत विद्यार्थीही असणार. लंडनच्या व्हिक्टोरिया कोच स्टेशनहून पॅरिसच्या बेर्सीला फ्लिक्सबस आणि ब्लाब्लाकार बस जातात. भाडं वीस-पंचवीस पौंडांपासून, आणि ते आयत्या वेळीही ट्रेनइतकं भडकत नाही. फ्लिक्सबसच्या तिकिटात डिकीत ठेवायची एक मोठी बॅगही धरलेली असते.

पण पुणे-नागपूर स्लीपर डोळ्यांसमोर आणू नका. इथे बसायच्याच सीट असतात, थोड्या मागे झुकणाऱ्या. रात्रीची बस घेतली की हॉटेलची एक रात्र वाचते हा हिशेब मीही विद्यार्थी असताना केला होता. रात्री दोनच्या सुमारास डोव्हरला दिवे लागले, सगळ्यांना पासपोर्ट घेऊन खाली उतरवलं, थंडीत रांग, परत बसमध्ये, परत उतरून फेरीबोटीच्या जिन्यांवर. डुलकी लागते न लागते तोच दीड तासात फ्रान्सचं काले बंदर. ती बस दोन तास उशिरा पोचली आणि पॅरिसचा पहिला दिवस मी बागेतल्या बाकावर झोपून काढला. वाचलेली रात्र अशी परत केली.

दिवसाची बस मात्र मला आजही आवडेल. फेरीच्या डेकवर उभं राहून डोव्हरचे पांढरे कडे मागे पडताना बघायचे, हे ना विमानात मिळतं ना ट्रेनमध्ये. फक्त आधी खात्री करा, कारण काही बस फेरीऐवजी समुद्राखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या वाहनगाडीवर चढतात. तिथे तुम्ही बसमध्ये, बस गाडीच्या डब्यात, आणि समोर पत्र्याची भिंत. तसं ट्रेनमध्येही समुद्राखालची वीस मिनिटं काळोखच असतो. खंडाळ्याचा बोगदा जरा लांबला असं समजा.

ट्रेनची एक मोठी खोड सांगायला हवी: बिघडली की सगळीच बिघडते. बोगदा एकच, मार्ग एकच. 30 डिसेंबर 2023 ला लंडनजवळच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि त्या दिवशीच्या सगळ्या युरोस्टार रद्द झाल्या. 7 मार्च 2025 ला गार द्यू नॉरच्या मार्गावर दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब सापडला, पुन्हा तेच. विमानं फ्रेंच हवाई नियंत्रकांच्या संपात रद्द होतात, जुलै 2025 मध्ये झालीच, पण एरवी एक चुकलं तर दुसरं शोधता येतं. म्हणून पॅरिसहून मुंबईचं विमान त्याच संध्याकाळी असेल, तर सकाळच्या ट्रेनवर विसंबू नका. एक रात्र मध्ये ठेवा.

सीमेवरची रांग तिन्हीकडे वाढू शकते. पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी ईईएस नावाची डिजिटल नोंद 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या खेपेला वेळ जास्त जातो. आईवडील सोबत असतील तर सव्वा तासाऐवजी दीड तास आधी पोचा.

सामानाच्या बाबतीत ट्रेन सगळ्यांत उदार आहे: 85 सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि वर एक हातातली. वजन कुणी करत नाही, फक्त उचलायची तुमची तुम्ही. आणि शंभर मिलिलिटरची अट नाही! हे ऐकल्यावर मामींनी पहिल्यांदा या चर्चेत रस घेतला, कारण लोणच्याची बरणी होती. लोणचं चालतं. तूप, पेढे, श्रीखंड मात्र ब्रिटनहून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत, ट्रेन असो की विमान. ताजी फळं आणि कढीपत्ताही नाही. अपवाद फक्त पाच फळांचा: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ.

शेवटी ठरलं ते असं. मामांची तिकिटं मुंबई-लंडन आणि पॅरिस-मुंबई अशी आधीच काढली होती (लंडनला परत यायचा खर्चच नको, तुम्हीही असंच करा), त्यामुळे युरोस्टार एका बाजूचीच लागली, मंगळवारी दुपारची. स्टेशनवर सोडताना मामींनी पिशवी उघडून दाखवली. बरणीशेजारी नारळ होता. "चालतो म्हणालास ना?"