सीझेड ४५७ एमटीआर: रायफल उत्तम, पण सगळे अडते ते लॉट क्रमांकापाशी

रायफलबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती काडतुसांच्या खोक्याच्या कडेला छापलेल्या, वाचायला चष्मा लागेल अशा बारीक लॉट क्रमांकाबद्दल, म्हणजे माल कोणत्या खेपेत बनला ते सांगणाऱ्या क्रमांकाबद्दल, आणि तो क्रमांक निव्वळ शोभेसाठी छापला आहे असे समजून वागणाऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याबद्दल. सीझेड ४५७ व्हार्मिंट एमटीआर ही .२२ रिमफायर रायफल वापरताना ओहायोचा एक उन्हाळा आणि एक हिवाळा सरला आहे. तांत्रिक तपशील कंपनीच्या पत्रकात सर्वांनी वाचलेले असतील, म्हणून ते येथे पुन्हा देत नाही. स्पर्धेची फारशी हौस नसलेल्या, पण बेंचवर बसून, पुढे रेस्ट आणि मागे वाळूची पिशवी लावून ५० यार्डांवर गोळीच्या भोकात गोळी घालण्याचे वेड लागलेल्या माणसाने पैसे कोठे घालावेत, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे.

इकडे नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना आधीच देऊन ठेवतो. एच-१बी व्हिसावर असताना अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार सर्वसाधारणपणे बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद असला, तरी मी त्या वाटेला गेलो नाही आणि ग्रीन कार्ड हाती आल्यावरच दुकानाची पायरी चढलो.

निवडीच्या वेळी माझ्यासमोर पाच-सहा नावे होती. आन्शुट्झची ६४ मालिका हातात घेतल्यावर खाली ठेवावीशी वाटत नाही, पण किमतीची चिठ्ठी पाहिल्यावर ती आपोआप खाली ठेवली जाते. टिक्का टी१एक्सचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा भाग, लोण्यासारखा सरकतो. मात्र तिचा सडपातळ सिंथेटिक दस्ता हिंडून शिकार करणाऱ्यासाठी आहे, पिशवीवर तो रुंद दस्त्यासारखा ठाम बसत नाही. बर्गारा बी-१४आरला रेमिंग्टन ७००चे दस्ते आणि ट्रिगर चालतात, ही मोठी सोय आहे. पण त्या सोयीमुळे माणूस दर महिन्याला काहीतरी नवे विकत घेत राहतो, आणि मला माझा स्वभाव ठाऊक आहे. सॅव्हेज मार्क टू जाड नळीत घेतली तर कमीत कमी पैशांत सर्वाधिक अचूकता मिळते, असे माझे आजही मत आहे. ज्यांचे बजेट घट्ट आहे त्यांनी पुढचे न वाचता तीच घ्यावी. रुगर १०/२२ ही १९६४ पासूनची लाडकी अर्धस्वयंचलित रायफल आहे, परंतु बेंचवर बसून प्रत्येक गोळीआधी वारा दाखवणारी फीत न्याहाळणाऱ्याला भराभर गोळ्या झाडण्याची सोय काय कामाची?

एमटीआर निवडली ती रुंद अक्रोडी दस्ता, जाड नळी आणि मुख्यतः मॅच चेंबर, म्हणजे काडतूस घट्ट बसेल असे नळीचे मागचे घर, यांसाठी. या चेंबरचा अर्थ पत्रकात नीट कळत नाही, हातात कळतो. काडतूस आत सारून बोल्ट खाली आणताना अखेरच्या टप्प्यात किंचित विरोध जाणवतो, आणि न झाडता तेच काडतूस हलकेच बाहेर काढले तर मऊ शिशाच्या गोळीवर नळीतल्या आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचांच्या) बारीक, समान अंतरावरच्या खुणा उमटलेल्या दिसतात. गोळी झाडली जाण्यापूर्वीच आट्यांमध्ये सरळ धरली गेली आहे, याचा तो पुरावा असतो. त्याची दुसरी बाजू अशी की भरलेले काडतूस वारंवार काढू नये, कारण गोळी आत अडकून पितळ तेवढे बाहेर यावे आणि दारू बोल्टमध्ये सांडावी, हा प्रकार अशा चेंबरमध्ये कोणाच्याही नशिबी येऊ शकतो.

ट्रिगर स्वच्छ आहे आणि हलका करता येतो. बोल्टचा दांडा ६० अंशांतच उचलला जातो, त्यामुळे वर स्कोप कितीही जाड असला तरी बोटे त्यावर आपटत नाहीत. स्कोपविषयी इतकेच सांगतो की पॅरलॅक्स (डोळा हलल्यावर नेम सरकल्यासारखा दिसण्याचा दोष) ५० यार्डांवर जुळवता येईल असाच घ्यावा. हरणाच्या शिकारीसाठी १०० यार्डांवर पक्का केलेला स्कोप उचलून आणला, तर डोके इकडेतिकडे हलताच नेमही हलतो आणि दोष मात्र रायफलच्या माथी येतो. मॅगझिन मी पहिल्या काही आठवड्यांतच बाजूला ठेवले. मॅगझिनमधून वर चढताना गोळीचे नाक घासते की नाही यावर क्लबात दोन तट आहेत; मी मॅगझिनच्या जागी बसणारा, एकेक काडतूस भरण्याचा अडॅप्टर लावला आणि त्या वादातून बाहेर पडलो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. रिमफायर काडतूस पुन्हा भरता येत नाही, कारण पेट घेणारे मिश्रण पितळाच्या काठात असते आणि तो काठ एकदा चेपला की संपला. त्यामुळे मोठ्या बंदुका वापरणारे लोक घरी बसून दारू तोलतात, गोळ्या निवडतात आणि आपल्या नळीला हवे तसे काडतूस घडवतात, तो मार्ग आपल्याला बंद आहे. कारखान्याने जे दिले तेच घ्यायचे. कारखाना कितीही नामांकित असला, तरी काठातल्या मिश्रणाचे प्रमाण, दारूची बॅच, यंत्रांची झीज आणि गोळीवरचे मेण यांत लॉटगणिक थोडा फरक पडतोच. माझी आई स्वेटर विणायला घेण्याआधी लोकरीचे सगळे गुंडे एकाच लॉटचे आणते, कारण अर्ध्या स्वेटरनंतर रंगाची छटा बदललेली तिला चालत नाही. रिमफायरचा हिशेब याहून वेगळा नाही.

हा फरक किती भोवतो, हे आकड्यांत मांडणे सोपे आहे. मॅच दर्जाची ४० ग्रेनची गोळी साधारण १,०७० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जरा खाली, आणि ते मुद्दामच असते. ध्वनीची भिंत ओलांडून निघणारी गोळी वाटेत पुन्हा त्या भिंतीतून खाली येताना डळमळते. आता एकाच खोक्यातील दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला ३० फुटांचा फरक असला, तर निव्वळ त्या कारणाने ५० यार्डांवर दोन गोळ्या एकमेकींच्या सुमारे पाव इंच वर-खाली लागतात आणि १०० यार्डांवर हेच अंतर जवळजवळ एक इंच होते. नेमबाजाने श्वास रोखून काहीही केले तरी हे पाव इंच त्याच्या हातात नसते. बाजूचा वारा निदान फितीवर दिसतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५० यार्डांवर गोळीला साधारण इंचभर ढकलतो आणि ते वाचायला माणूस हळूहळू शिकतो. काडतुसातला फरक कोणत्याही फितीवर दिसत नाही.

पहिल्या उन्हाळ्यानंतर हा लेख लिहिला असता, तर त्यात मी ठासून सांगितले असते की महाग काडतुसे हा शुद्ध अपव्यय आहे. एली टेनेक्स या महागड्या मॅच काडतुसाच्या ५० नगांना मी वीस डॉलरांहून अधिक मोजले होते आणि एसके स्टँडर्ड प्लसच्या खोक्याला सुमारे नऊ. आणि ५० यार्डांवर माझ्या नळीला एसकेचा एक विशिष्ट लॉट असा काही मानवला की टेनेक्सच्या ग्रुपशेजारी (ग्रुप म्हणजे एका नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) त्याचा ग्रुप ठेवल्यावर कोणता कोणाचा, हे मलाही टार्गेटमागची नोंद पाहिल्याशिवाय सांगता येत नसे. एसके आणि लापुआ ही दोन्ही रिमफायर काडतुसे जर्मनीत शोनेबेक येथेच तयार होतात, हे कळल्यावर तर माझ्या काटकसरीला तात्त्विक अधिष्ठानच मिळाले.

ते मत आता अर्धेच उरले आहे. हिवाळ्याआधी मी टार्गेट १०० यार्डांवर नेले आणि तोच लाडका लॉट उभ्या रेषेत पसरू लागला. लापुआचे महाग सेंटर-एक्स काडतूस मात्र तेथेही गोल ग्रुप देत राहिले. थंडी वाढल्यावर दोन्हींचे ग्रुप फुगले, पण स्वस्त काडतुसाचा अधिक फुगला. म्हणून आज माझे म्हणणे असे आहे की ५० यार्डांपुरते खेळायचे असेल तर स्वस्त काडतुसाचा चांगला लॉट शोधावा, आणि १०० यार्डांची हौस असेल तर खिशाची तयारी ठेवावी. नाव पाहून महाग घेणे आणि किंमत पाहून स्वस्त घेणे, दोन्हींत लॉट न तपासण्याचा आळस सारखाच आहे.

विक्रेत्याचे प्रकरण येथूनच सुरू झाले. तो मानवलेला लॉट संपत आला, तेव्हा मी अनेक दुकानांना क्रमांक कळवून विचारणा केली. एका विक्रेत्याने ईमेलवर लेखी होकार दिला, म्हणून मी दहा खोक्यांची वीट मागवली. आलेल्या विटेत तीन निरनिराळे लॉट होते आणि त्यांतला एकही माझा नव्हता. फोनवरच्या माणसाने शांतपणे सांगितले की उत्पादन तेच आहे, खोके तेच आहे आणि दारूगोळा परत घेतला जात नाही. शेवटचे वाक्य खरे आहे. बहुतेक दुकानांचे धोरण तेच असते, आणि म्हणूनच मी आधी लेखी विचारले होते. पुष्कळ पत्रव्यवहारानंतर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलत देऊ केली गेली, म्हणजे ज्याने चुकीचा माल पाठवला त्याच्याकडूनच आणखी माल घेतला तर माझे थोडेसे नुकसान भरून निघणार. सवलत मी नाकारली. त्या तीन लॉटांपैकी एक बरा निघाला, एक सुमार, आणि तिसऱ्यातील काही गोळ्या विनाकारण खाली लागतात. तो मी २५ यार्डांवर मुलीला शिकवण्यासाठी वापरतो.

या भांडणाचा उपयोग एवढाच झाला की माझी खरेदीची रीत बदलली. आता मी चार-पाच लॉटांचे एकेकच खोके मागवतो, दर वेळी नवे मेण नळीत बसेपर्यंत पंधरा-वीस गोळ्या मोजणीबाहेर झाडतो, मग पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप एकाच सकाळी, वारा उठण्यापूर्वी घेतो. जो लॉट पसंतीस उतरेल तो लगेच, त्याच आठवड्यात, जमेल तितका विकत घ्यावा लागतो, कारण शेजारच्या बेंचवरचा माणूसही तेच करत असतो. ५,००० काडतुसांची पूर्ण पेटी घ्यायची तर एसकेसारखे स्वस्त काडतूसही नऊशे डॉलरांच्या घरात जाते, आणि रायफल मला आठशेच्या आत पडली होती. हा हिशेब घरी मांडला तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले की मग रायफल ही त्या काडतुसांवर मिळालेली भेटवस्तू समजायची का. प्रश्न रास्त आहे.

कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथे झोपून) प्रकारात जगज्जेती झाली आणि स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (तीन बैठकांत) कांस्यपदक आणले, तेव्हा त्यांच्या रायफलीतही हेच .२२चे काडतूस होते. त्यांना श्वास, नाडी आणि अवघड बैठका सांभाळायच्या असतात. आपण खुर्चीवर बसून वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवतो, शरीराच्या थरथरीची सबब स्वतःहून सोडून देतो. मग उरते ती नळी, वारा आणि काडतूस. अशा वेळी नळीवर महिनाभर संशोधन करून काडतूस जे दिसेल ते उचलणाऱ्यांचे मला नवल वाटते.

कोलंबसच्या उत्तरेला मारेंगो येथे लापुआचे रिमफायर चाचणी केंद्र आहे. तेथे आपली रायफल यंत्रात आवळून निरनिराळे लॉट तपासून दिले जातात आणि पसंत पडलेला लॉट विकतही घेता येतो. हिवाळाभर मी हा खर्च टाळत होतो. त्या विक्रेत्याला दिलेले पैसे आणि तपासण्यांत उडवलेली खोकी यांची बेरीज केल्यावर वेळ मागून घेतली आहे. सेंटर-एक्स आणि एसके दोन्ही तपासायला सांगणार आहे, आणि एसके पुढे निघाले तर तेच घेणार आहे.