घोडकाठची एकदिवसीय सहल: इनामगाव

पुण्याहून इनामगावच्या प्राचीन शेतकरी वस्तीच्या अवशेषांकडे निघणारी ही सहल माणशी 1200 रुपयांची आहे. चहा, नाश्ता त्यातच. माझं माहेर शेतकऱ्याचं, त्यामुळे जमिनीबद्दल कुणी नीट बोललं की मला बरं वाटतं, आणि इथल्या मार्गदर्शक ताई फार नीट बोलतात. त्या काळचे लोक घोड नदीकाठीच का राहिले, हे त्यांनी काळी माती हातात घेऊन सांगितलं. पाऊस बेताचा, पण ही माती ओल धरते. शिवाय पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट खोदला, दगड-मातीचा बांध घातला. इसवी सनापूर्वी! पीक मुख्यतः जवाचं. वस्ती साधारण इ.स.पू. 1600 ते 700. पुढे हवामान कोरडं होत गेलं, तशी ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीवरचा भार वाढला. हे ऐकताना मला आमच्याकडचे दुष्काळ आठवले.

तक्रार एकच: जेवणात तासभर गेला आणि नदीकाठाला जेमतेम वीस मिनिटं उरली. ती वेळ उलटी हवी. पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, सावली नाही, टोपी न्याच. खापरं उचलू नका, ताई टोकतात आणि बरोबर करतात. पाचपैकी चार.