गोठवलेले उंदीर: माल चोख, लेबल अर्धवट

जखमी वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात खाणं देण्याचं काम माझ्याकडे आहे. सध्या चार गव्हाणी घुबडं, दोन रानमांजरं आणि एक चिडका साप. सहा महिने एकाच विक्रेत्याचे गोठवलेले उंदीर वापरतोय. मोठे, मध्यम आणि नुकते जन्मलेले गुलाबी, अशी तीन पाकिटं मिळतात.

माल खरंच चांगला. उंदीर सुटे असतात, एकमेकांना चिकटून त्यांचा दगड झालेला नसतो. रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले की सकाळी तयार, आणि ताटलीत पाणी जवळपास सुटत नाही. हे नुसतं स्वच्छतेपुरतं नाही, त्या पाण्याबरोबर बी गटातली जीवनसत्त्वंही वाहून जातात. घुबडांचे पेलेट, म्हणजे न पचलेल्या हाडा-केसांचे ओकून टाकलेले गोळे, नेमाने पडतात, केसांत गुंडाळलेल्या अख्ख्या कवट्यांसकट. (घुबडाच्या पोटातलं आम्ल ससाण्याइतकं जहाल नसतं, म्हणून एवढं हाड शाबूत बाहेर येतं.)

आता लेबल. मोठ्या उंदरांवर छापलंय: प्रथिनं 18 टक्के, चरबी 8, पाणी 67. आमच्याकडची नवी मुलगी म्हणाली, ‘दादा, मांजराच्या कोरड्या खाद्यावर तर 30 लिहिलंय, मग हे कमीच की!’ तिला कागदावर करून दाखवलं. पाणी वजा केलं की उरतात 33 भाग, त्यातले 18 म्हणजे जवळजवळ 55 टक्के प्रथिनं. ही एक ओळ विक्रेत्याने छापली असती तर काय बिघडलं असतं?

खरी गोम कॅल्शियमची. लेबलवर त्याचा पत्ताच नाही. मोठ्या उंदरात सांगाड्यामुळे कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त भरतं. निव्वळ मांसात मात्र फॉस्फरस 15-20 पट असतो. कुणीतरी लाडाने बिनहाडाच्या चिकनवर वाढवलेलं रानमांजराचं पिल्लू आमच्याकडे आलं होतं. मागचे पाय धनुष्यासारखे वाकलेले. पोट रोज भरत होतं त्याचं.

म्हणूनच गुलाबी पिल्लांच्या पाकिटावरचा ‘संपूर्ण आहार’ हा शिक्का मला खटकतो. त्यांची हाडं अजून पुरती घट्ट झालेली नसतात, वजनाचा सुमारे 80 टक्के भाग पाणीच, आणि यकृतात अ जीवनसत्त्वाचा साठा मोठ्या उंदराच्या तुलनेत अगदीच कमी. मांजराला गाजरातल्या कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व बनवता येत नाही, ते तयारच मिळावं लागतं. इवल्याशा सापाला सुरुवातीला गुलाबी ठीक, दुसरं काय गिळणार तो? पण मांजराला हेच रोज घालू नका.

आणखी एक. काही पाकिटांत वीण संपलेले थोराड उंदीर निघाले, चिरले तर कातडीखाली चरबीचा जाड थर. पिंजऱ्यात बसून असलेल्या घुबडाचं वजन त्यावर लगेच चढलं. उंदरांना काय खायला घालता, असं फोनवर विचारलं, कारण उंदराने जे खाल्लं तेच पुढे आमच्या घुबडाच्या पोटात जाणार. उत्तर आलं, ‘चांगलं खाद्य घालतो.’ कधी गोठवले, तेही पाकिटावर नाही, फक्त पॅकिंगचा महिना. फ्रीझरमध्येही ई जीवनसत्त्व हळूहळू घटतंच, म्हणून मी तीन महिन्यांवरचा साठा ठेवत नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. पुढच्या वेळी फक्त मध्यम मागवणार. गुलाबींचं उरलेलं पाकीट सापाच्या नावाने बाजूला काढून ठेवलंय.