मेक्सिकोत वर्ल्ड कप बघायचाय, पण कुठे? मेक्सिको सिटी, ग्वादलाहारा की मॉन्तेरे

२०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला अमेरिकेऐवजी मेक्सिकोत मॅच बघू म्हणणाऱ्या सगळ्यांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं, तीन शहरांपैकी कुठलं धरायचं. माझं मत आधीच सांगून टाकते: तिकीट नसलं तरी जावं असं शहर एकच, मेक्सिको सिटी. बाकीची दोन तिकीट हातात असेल तरच.

आधी मॅचचा हिशोब. एकूण १०४ मॅचपैकी मेक्सिकोच्या वाट्याला फक्त १३, त्यात मेक्सिको सिटीला ५ आणि बाकी दोघांना चार-चार. ११ जूनची ओपनिंग, मेक्सिको विरुद्ध साउथ आफ्रिका, मेक्सिको सिटीच्या अझ्तेका स्टेडियमवर. नॉकआउटच, म्हणजे हरला तो बाहेर अशी मॅच बघायची असेल तर ग्वादलाहारा आपोआप बाद, कारण तिथल्या चारही मॅच ग्रुपच्या आहेत. मॉन्तेरेला राउंड ऑफ ३२ ची एक, मेक्सिको सिटीला तीही आहे आणि वर ५ जुलैची राउंड ऑफ १६ पण. पण गंमत बघा, मेक्सिकोत होणाऱ्या ग्रुप मॅचमधली सगळ्यात तगडी, २६ जूनची उरुग्वे-स्पेन, ती ग्वादलाहारालाच आहे, आणि १८ जूनची मेक्सिको-साउथ कोरियाही तिथेच. मॉन्तेरेच्या यादीत ट्युनिशिया-जपान, साउथ आफ्रिका-साउथ कोरिया असल्या मॅच, म्हणजे नाव ऐकून कोणी उड्या मारणार नाही, पण म्हणूनच तिकिटासाठी मारामारी तिथे जरा कमी असेल असं मला वाटतं.

आता अझ्तेका. १९६६ चं स्टेडियम, १९७० आणि १९८६ दोन्ही फायनल इथेच झाल्या, पेलेने इथेच शेवटचा वर्ल्ड कप उचलला आणि मॅराडोनाने इंग्लंडला तो हाताचा गोल आणि पाठोपाठ अर्धं मैदान ड्रिबल करत मारलेला गोल इथेच, चार मिनिटांच्या अंतराने. तीन वर्ल्ड कप बघणारं हे पहिलंच स्टेडियम. फुटबॉलवेड्या माणसाला एवढं पुरे. (तिकिटावर नुसतं मेक्सिको सिटी स्टेडियम लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, ते हेच, फिफा स्पॉन्सरची नावं काढून टाकते.) जायचं कसं, तर मेट्रोच्या २ नंबर लाइनने तास्केन्या हे शेवटचं स्टेशन आणि तिथून त्रेन लिखेरो म्हणजे लाइट रेल, ती स्टेडियमपाशीच थांबते. तीच ट्रेन पुढे सोचिमिल्कोला जाते, तिथे कालव्यांतून रंगीत बोटी फिरतात, मॅच नसलेल्या दिवसाची सोय झाली. शिवाय तेओतिवाकानचे पिरॅमिड, मानववंशशास्त्राचं म्युझियम, कोयोआकानची जुनी वस्ती... दिवस कमी पडतात.

त्रास दोन. एक म्हणजे उंची, शहर २,२४० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जवळपास ६०० मीटर वर, त्यामुळे पहिल्या दिवशी जिने चढताना दम लागतो, लगेच पळापळ करू नका. दुसरं, जून-जुलै तिथेही पावसाळा, दुपारनंतर धो-धो कोसळतो, रेनकोट हवाच.

आणि व्हेज खाणाऱ्यांनी तर सरळ मेक्सिको सिटीच धरावी. फुटपाथवर बाया निळ्या मक्याचं पीठ दोन्ही तळव्यांत थापत बसलेल्या असतात, अगदी भाकरी थापावी तसं, आत घेवड्याच्या दाण्यांचं सारण, लांबट आकार, तव्यावर भाजून वर निवडुंगाच्या चिरलेल्या फोडी, कांदा, साल्सा. त्याचं नाव त्लाकोयो. कुठेही फक्त “सिन कार्ने”, म्हणजे मांस नको, म्हणालात तर चिकन येऊ शकतं, त्यामुळे चिकनही नको हे वेगळं सांगा, आणि घेवड्याच्या सारणात चरबी घातली आहे का तेही विचारा, “सिन मान्तेका” म्हणायचं.

ग्वादलाहारा हे निवांत शहर. मारियाची या लोकसंगीताचं माहेर, शेजारी हस्तकलेसाठी प्रसिद्ध त्लाकेपाके, तासाभरावर तेकीला गाव, हवाही मेक्सिको सिटीपेक्षा सोसवणारी. चिवासचं हे गाव, जो क्लब फक्त मेक्सिकन खेळाडू घेतो, त्यामुळे फुटबॉलचं वातावरण अस्सल. घोडं अडतं ते स्टेडियमशी, ते शेजारच्या सापोपान शहराच्या टोकाला आहे आणि दारात मेट्रो नाही, मॅच सुटल्यावर टॅक्सीसाठी ताटकळायची तयारी ठेवा. खाण्यात बिर्रिया आणि तोर्ता आओगादा, दोन्ही मांसाची, नॉनव्हेजवाल्यांची मात्र चंगळ.

मॉन्तेरे माझ्या मते फक्त टेक्सासवाल्यांसाठी. ह्यूस्टन किंवा डॅलसहून थोडक्यात फ्लाइट, मॅच बघा, घरी या. स्टेडियम देखणं आहे, एका बाजूने सेरो दे ला सिया डोंगर आत डोकावतो, मेट्रोही जवळ. पण जूनमधला उकाडा नागपूरच्या मे महिन्याची आठवण करून देणारा आहे आणि खाणं म्हणजे काब्रितो (भाजलेलं करडू), कार्ने आसादा (भाजलेलं बीफ), बस्स. फिरायला फुंदिदोरा पार्क आणि डोंगर, बाकी फार नाही.

दोन शहरं जोडायची असतील तर मेक्सिको सिटी आणि ग्वादलाहारा जोडा, बसने साधारण सहा-सात तास आणि बसेस चांगल्या आहेत. मॉन्तेरेला बसने जायच्या भानगडीत पडू नका, विमानच घ्या. फक्त मेक्सिको सिटीचं विमान बुक करताना एअरपोर्ट नीट बघा, नवीन फेलिपे आंखेलेस शहरापासून चांगलंच लांब आहे, तिकीट स्वस्त दिसतं पण टॅक्सीत सगळं निघून जातं.

व्हिसाचं म्हणाल तर पासपोर्टवर चालू यूएस व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेत एच-वन-बी वर्क व्हिसावर असलेल्यांनो, पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प संपला असेल तर परत अमेरिकेत यायचं कसं हे आधी वकिलाला विचारून घ्या, मग तिकिटं काढा.